अंगावरचं की वरचं

"अंगावर पितीया का वरचं?"

लेक झाल्यापासून दहा महिने हा प्रश्न मला प्रत्येकीनं विचारला. बाळ बघायला आलेल्या बायकांनी, लस टोचणाऱ्या नर्सनं, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं. आमच्याकडं बाळाचं दूध दोनच प्रकारचं असतं. आईच्या छातीला लागून पितं ते अंगावरचं. गाईचं, म्हशीचं, नाहीतर डब्यातल्या पावडरीचं, ते वरचं. माझी लेक माझंच दूध पीत होती, पण माझ्या अंगावर पीत नव्हती. त्यामुळं या प्रश्नाला मी कधी "अंगावरचं" म्हणायचे, कधी "वरचं" म्हणायचे, आणि दोन्ही वेळा खोटं बोलल्यासारखं वाटायचं.

तिची टाळू मागच्या बाजूला दुभंगलेली होती. तोंडाच्या आतली टाळू. ओठ, नाक, हनुवटी, सगळं जिथल्या तिथं. त्यामुळं बाहेरून काही कळायचं नाही. मी "टाळूला चीर आहे" म्हटलं की बाया चटकन तिचं टोपडं काढून डोकं चाचपायच्या. "हितं तर काय न्हाई की," म्हणायच्या. "तेल घाल चांगलं, भरून यील." पहिले दोन-तीन महिने मी सगळ्यांना समजावून सांगत होते, की तोंड आतून बंद होत नाही, म्हणून तिला ओढता येत नाही, दूध नाकातून येतं. मग समजावणं सोडून दिलं. तिला मांडीवर उभं धरून बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या वाटीनं, पाजायचं, घोट घोट, आणि मध्येच नाक पुसायचं. सुरुवातीला चाळीस मिलीला अर्धा तास लागायचा.

मिरजेच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ऑपरेशन दहाव्या महिन्याच्या सुमारास करू, पण वजन आठ किलो पाहिजे. त्याखाली असेल तर भूल देण्यात धोका वाढतो, पुढं ढकलावं लागेल. आणि जितकं पुढं जाईल तितकं बोलणं बिघडायची भीती. मला एवढंच डोक्यात बसलं: आठ किलो. आणि ते माझ्या दुधावर व्हायला पाहिजेत.

इथं माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. माझं माहेर माण तालुक्यातलं. वडिलांची मेंढरं आणि शेळ्या, पावसावरची बाजरी. आमच्या भावकीत माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढं गेलं नव्हतं, पोरी तर नाहीच नाही. मी साताऱ्याला हॉस्टेलवर राहून केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलं आणि लग्नाआधीच सांगली जिल्ह्यातल्या एका दूध शीतकरण केंद्राच्या लॅबमध्ये लागले. गावोगावचं दूध येतं, त्याचं फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून बाकीचा घन भाग, काढायचं, पाणी मिसळलेलं असलं तर परत पाठवायचं. माझ्या एका सहीवर अख्खा टँकर परत गेलेला आहे. कुठलंही काम वाचून, समजून घेऊन नीट केलं की जमतं, असं मला वाटायचं. अजूनही बरंचसं वाटतं.

तर मी वाचलं. आणि पंप आणला. विजेवर चालणारा, दोन्हीकडं एकदम लावायचा. दिवसाला आठ वेळा, दर वेळी वीस मिनिटं. वही केली: वेळ, डावीकडचं, उजवीकडचं, एकूण. आमच्या उसाच्या गावात पंप म्हणजे विहिरीवरची मोटर. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, "सून पंप लावून बसलीया," तर ती म्हणाली, "बाळंतीण बाई विहिरीवं कशाला पाठवलीसा?" माझे यजमान फौजेत, तेव्हा सरहद्दीकडं पोस्टिंग होतं. फोनवर पहिला प्रश्न लेकीचा आणि दुसरा, "पंप चालू हाय ना? प्रेशर बराबर?" हसायचे. मलाही सुरुवातीला हसू यायचं.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्या शाळेत गेलेल्या नाहीत. दोन म्हशी आणि त्यांची दोन रेडकं, हा त्यांचा संसार. बाकी घर त्यांच्या दृष्टीनं त्याच्या भोवती आहे. मी पंप लावून बसले की त्या दाराशी येऊन त्या बाटलीकडं बघायच्या. माझं दूध पातळ, निळसर. आत्यांच्या म्हशीचं दूध पांढरंशुभ्र, बोटाला चिकटणारं.

"कुटलं दूध. पानीच हाय नुसतं," त्या म्हणायच्या.

शेजारच्या बायका असल्या की हमखास म्हणायच्या. एकदा तर भरल्या घरात म्हणाल्या, "सुनंला डिग्री हाय, पर सुनंच्या दुधाला डिग्री न्हाई." आमच्या भागात दुधाचा दाटपणा मोजतात त्याला डिग्री म्हणतात, त्यामुळं सगळ्या बायका पोट धरून हसल्या. मी उठून बाटली फ्रीजमध्ये ठेवली आणि वहीत आकडा लिहिला. नव्वद मिली. पेन इतकं दाबलं होतं, की तो नऊ मागच्या पानावर अजून उमटलेला दिसतो.

आत्यांचं बोलणं मी मनावर घेत नव्हते, असं मी सगळ्यांना सांगत होते. हळिवाचे लाडू त्याच करायच्या, बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी त्याच पुढं ठेवायच्या, आणि मी खात असताना "खा, खा, तेवढंच पानी तरी वाढंल" म्हणायच्या.

सहा महिने झाल्यावर रजा संपली आणि मी कामावर रुजू झाले. लेक दिवसभर आत्यांकडं. पेज-खिमट भरवलं की नाकातून यायचं, म्हणून तिचं पोट दुधावरच. मी काढून ठेवलेलं दूध त्या वाटीत गरम पाण्यात धरून बोंडल्यानं पाजायच्या, त्यात त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. लॅबला लागून केमिकलची एक खोली होती, तिला आतून कडी होती. ॲसिडच्या कॅनमध्ये स्टुलावर बसून मी पंप लावायचे. घरी आठ वेळा व्हायचं ते आता सहा, कधी पाच. टँकर आला की मध्येच उठावं लागायचं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि आत यंत्र घरघर करतंय, दूध काही उतरत नाही. बाटल्या नमुन्यांच्याच फ्रीजमध्ये ठेवायचे. वर चिठ्ठी, "हा नमुना नाही".

दिवसाचं सातशे होतं ते सहाशे झालं, मग पाचशे. आठव्या महिन्यात डॉक्टरांनी वजन केलं, तर महिनाभरात जेमतेम दीडशे ग्रॅम वाढलेलं. पावणेसात किलो. ते म्हणाले, "घाबरू नका, पण पोटात जास्त गेलं पाहिजे. वरचं चालू करायचं का?" मी म्हणाले, एक महिना द्या. ते बरं म्हणाले.

त्याच आठवड्यात मी ते केलं.

दुपारी लॅबमध्ये मी एकटीच होते. नुकतंच काढलेलं दूध हातात होतं आणि समोर दूध तपासायचं यंत्र चालू होतं. छोट्या कपात नमुना ओतून नळी बुडवायची, मिनिटभरात पडद्यावर आकडे येतात. मी दिवसात साठ-सत्तर वेळा हे करत होते. दोन-तीन मिली तरी वाया जाणार हे दिसत होतं, तरी कपात ओतलं. यंत्राला आधी सांगावं लागतं दूध कशाचं आहे. बटणं दोनच: गाय आणि म्हैस. मी क्षणभर थांबले, आणि गाय दाबलं.

फॅट कमी. एसएनएफ कमी. आणि खाली, मिसळलेलं पाणी. ते पंचवीस टक्क्यांच्या वर दाखवत होतं. असं दूध समोर आलं असतं तर मी दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नसतं. लाल पेनानं शेरा मारून परत.

बाईचं दूध गाईच्या मापानं मोजायचं नसतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. केमिस्ट्री शिकलेल्या कुणालाही कळेल. पण तो आकडा माझ्या रोजच्या यंत्रानं दिला होता, ज्याच्यावर मी दुसऱ्यांचा न्याय करत होते. आणि त्याचं म्हणणं आत्यांच्या म्हणण्याशी तंतोतंत जुळत होतं. पाणीच हाय नुसतं.

मग मी माझी हुशारी वापरली. दूध फ्रीजमध्ये उभं ठेवलं की वर दाट थर येतो, खाली पातळ राहतं. हे तर माझ्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. मी संध्याकाळचं दूध उंच बाटल्यांत ठेवायचे, सकाळी वरचा निम्मा भाग चमच्यानं अलगद काढून वेगळ्या बाटलीत भरायचे, ती आत्यांच्या हवाली करायचे. खालचं पातळ मोरीत ओतून द्यायचे. तेवढंच फॅट जास्त जाईल, वजन वाढेल. भरीला बोंडल्यातनं दोन घोट उकळलेलं पाणी द्यायला सांगितलं. आत्यांनी विचारलं, "बाटली निम्मीच का गं?" मी म्हणाले, "घट्ट आहे. पुरतंय."

नऊ दिवस मी हे केलं. लेक किरकिर करू लागली. शी दोन-दोन दिवस होईना. मला वाटलं, घट्ट दूध पचायला वेळ लागतोय. दहाव्या दिवशी तिची जीभ कोरडी दिसली म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मिरजेला नेलं. काट्यावर ठेवली. साडेसहा किलो आणि वर पन्नास ग्रॅम. मागच्यापेक्षा दोनशे ग्रॅम कमी.

डॉक्टरांनी काय काय देता ते विचारलं. मी सगळं सांगितलं; लपवणं माझ्या स्वभावात नाही, आणि मला अजूनही वाटत होतं की पद्धत बरोबर आहे, प्रमाण चुकलं असेल. ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवलं.

"खालचं ओतून दिलंत?"

"हो."

"त्यात तिची साखर होती, प्रथिनं होती, तिचं पाणी होतं. तुम्ही तिला साय दिलीत आणि दूध ओतलंत." मग अगदी हळू, "शिक्षण काय तुमचं?"

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ते सांगताना माझी मान वर नव्हती.

त्यांनी वरचं चालू करायला सांगितलं, डब्यातलं, माझ्या दुधाच्या जोडीला. माझं जेवढं निघेल तेवढं सगळंच्या सगळं द्यायचं आणि उरलेली गरज डब्यानं भरायची. त्यात काही कमीपणा नाही, असंही म्हणाले. मी मान हलवली. डबा पिशवीत टाकून एसटीनं घरी येईपर्यंत मी तिच्या तोंडाकडं बघितलं नाही.

आत्यांना सांगणं त्याहून अवघड होतं. त्या गोठ्यात धारेला बसल्या होत्या. मी दारात उभी राहून सगळं सांगितलं: यंत्र, आकडा, साय, मोरी. धारेचा आवाज थांबला.

"मोरीत वतलंस?"

"तुम्हीच म्हणत होता ना आत्या, पाणीच हाय म्हणून. चार बायकांत म्हणत होता."

"आगं, मग म्हनू नगं तर काय म्हनू?" त्या वळून बसल्या. "लय दूध हाय माझ्या सुनंला, असं सांगू व्हय चार बायांत? नजर लागंल न्हवं का. ह्या म्हशीचं कोन इच्यारलं तर काय सांगती मी?"

ते मी रोज ऐकत होते. बादली काठोकाठ भरलेली असायची आणि कुणी विचारलं की आत्या म्हणायच्या, "हाय आपलं च्यापुरतं." पण मला वाटायचं हा व्यवहारातला धूर्तपणा आहे. आमच्या माणात शेळ्या. शेळीच्या वाटीभर दुधाला कोण नजर लावतंय? असलं काही मला कुणी शिकवलं नव्हतं.

"आन डिग्रीचं बोलला ते?" मी विचारलं.

"ते जरा गमतीनं," त्या म्हणाल्या. "तुला येवढं कळतंय, येवढं कळतंय, त्येवढं कसं कळलं न्हाई गं बया?"

त्या खरं सांगत होत्या, की पोरीचं वजन उतरलेलं ऐकून सावरून घेत होत्या, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. थोडं खरं असावं, थोडं सावरणं. म्हशीनं तेवढ्यात पान्हा चोरला आणि आत्यांनी मलाच दोष दिला.

पुढचे दोन महिने डबा आणि मी. सकाळी निघण्याआधी आत्या दोन्ही मिसळून बाटल्या भरायच्या, वेगवेगळं ठेवायचा त्यांना कंटाळा. वजन चढू लागलं. माझं दूध मात्र कमीच होत गेलं. चारशे, तीनशे, अडीचशे. मी वही चालू ठेवली, पंपही. केमिकलच्या खोलीतली ती वीस मिनिटं आता शिक्षा भोगल्यासारखी बसायचे. यंत्रावर परत कधी ओतलं नाही. पंप लावला की बाटलीवरच्या रेघांकडं डोळे लावून बसायचे, आणि जितकं बघावं तितकं कमी यायचं.

अकरावा महिना लागला आणि काट्यानं आठ किलो दाखवले. आठ आणि वर चाळीस ग्रॅम.

ऑपरेशन सकाळी अकराला होतं. आत्या, मी आणि लेक आदल्या दिवशीच वॉर्डात दाखल झालो. सकाळी सिस्टर फाईल घेऊन आल्या, तरुण होत्या, भराभर बोलत होत्या. "शेवटचं पाजणं बघा. वरचं असेल तर पाचलाच संपलं, आता नाही द्यायचं. अंगावर पीत असेल तर सातपर्यंत चालतं." फाईलमध्ये आधीच लिहिलेलं होतं: वरचं.

साडेसहा वाजले होते. लेक भुकेनं रडत होती, पाच वाजता झोपेत तिनं काही घेतलं नव्हतं.

"माझं दूध आहे, सिस्टर. पंपानं काढते."

"म्हणजे बाटलीतलं ना? मग वरचंच की ताई."

"बाटलीतलं आहे, पण माझंच."

त्यांनी मोठ्या सिस्टरना फोन लावून विचारलं. मग म्हणाल्या, निव्वळ आईचं असेल तर सातपर्यंत चालेल, पण थेंबभरसुद्धा पावडर नको, भुलेत उलटी झाली तर फुप्फुसात जाईल. खात्री आहे का?

घरून बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये आणलेल्या दोन बाटल्या आत्यांनी भरलेल्या होत्या. मिसळलेल्या. मी त्या बाजूला ठेवल्या. म्हणजे आता, या अर्ध्या तासात, काढावं लागणार होतं. आयुष्यात कधी नव्हे ते खोटं बोलून थर्मासमधलं पाजायचा विचारही माझ्या मनात येऊन गेला, हे लिहून ठेवते.

पडदा ओढून मी पंप लावला. पाच मिनिटं गेली. बाटलीचा तळ नुसता ओला. दहा मिनिटं. मी रेघांकडं बघत होते. आत्या रडणाऱ्या लेकीला घेऊन पडद्याच्या आत आल्या आणि माझ्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

"त्या बाटलीकडं बघू नगंस. हिकडं बघ. हिच्याकडं."

म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून समोर रेडकू आणून बांधतात तसं त्यांनी लेकीला माझ्यासमोर धरलं. एरवी मी चिडले असते. मी तिच्याकडं बघितलं. रडताना तिचं तोंड पूर्ण उघडलं होतं आणि आतली चीर दिसत होती. दहा महिने मी ती टॉर्च लावून तपासायची जागा म्हणून बघितली होती. छातीत दूध उतरतानाची कळ आली, ओळखीची, बऱ्याच दिवसांत न आलेली. मी खाली बघितलं नाही.

थोड्या वेळानं आत्यांनीच यंत्र बंद केलं आणि बाटलीवर पदर टाकला.

सातला सात मिनिटं होती. आता तिला घोट भराभर घेता यायचे; मी पाजायला लागले, शेवटचे घोट राहिले होते, तोवर सिस्टर पडदा सारून आत आल्या. "काय दिलं? किती?"

आत्या सवयीनं बोलून गेल्या, "कुटलं दूध बाई, पानीच हाय नुसतं."

सिस्टरांचं पेन थांबलं. "पाणी दिलंत?"

आत्यांचं तोंड उघडंच राहिलं. खरं सांगायचं तर नजर, खोटं सांगायचं तर ऑपरेशन.

"पाणी नाही," मी म्हणाले. "दूध आहे. माझं. सत्तर मिली." बोंडल्यात ओतताना मी बाटलीवरचा आकडा बघितला होता, सवय.

"निव्वळ?"

"निव्वळ."

त्यांनी 'वरचं' हा शब्द खोडला, त्याच्या शेजारी 'आईचं' असं लिहिलं, वेळ आणि सत्तर हा आकडा टाकला आणि गेल्या. आत्यांनी लेकीवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, मग माझ्यावरून तसंच. आकडा मोठ्यानं सांगितल्याबद्दल माझ्याकडं रागानं बघितलं.

ऑपरेशन झालं. लेक आता बोलते. 'क' आणि 'ग' अजून नाकातून येतात, त्यासाठी महिन्यातून दोनदा मिरजेला जातो. टाके भरल्यावर मी तिला एकदा अंगावर घेऊन बघितलं. तिनं थोडा वेळ माझ्याकडं बघितलं आणि बोंडल्याकडं हात केला.

त्या सकाळनंतर एका वेळी सत्तर मिली मला परत कधी आलं नाही. महिन्याभरात दूध आटलं. नजर लागली असं आत्या म्हणत नाहीत, पण तो आकडा मी परक्या बाईसमोर सांगितला होता, हे त्या विसरलेल्या नाहीत.